जिम्नॅस्टिक्स नेमकं कुणाचं? जर्मनीचं का आपल्या तालमीचं?

रंकाळाकाठची

नमस्कार मंडळी, जरा मदत पाहिजे होती. माझी लेक सहावीत आहे, दोन वर्षं झाली जिम्नॅस्टिक्सच्या क्लासला जाते, आणि आता शाळेत तिला दहा मिनिटं बोलायचंय. विषय तिनं स्वतःच निवडलाय, की जिम्नॅस्टिक्स आणि शाळेतला पीटी हे सगळं सुरू कुणी केलं. झालं, ह्यावरनं घरात दोन पार्ट्या पडल्यात. क्लासचे सर म्हणतात हे सगळं जर्मनीतनं आलंय, आपला काही संबंध नाही. आणि आमचे आण्णा, म्हणजे माझे सासरे, वय ८२, तरुणपणी इथं कोल्हापुरात पेठेतल्या तालमीत घुमलेले, मलखांबही केलेला, त्यांना हे अजिबात पटत नाही.

परवा रविवारी आण्णांना पहिल्यांदाच क्लास बघायला घेऊन गेलो आम्ही. पोरगी बारला पोट लावून गिरकी घेऊन पाय जुळवून वर आली तेव्हा आण्णा खुर्चीतनं उठूनच उभे राहिले. म्हणाले, "अगं हे तर आमच्या मलखांबावरचं हाय की, ह्यांनी नुसतं लाकूड आडवं केलंय!" घरी येईपर्यंत रिक्षात तोच विषय. पोरगी मध्ये अडकलीय, सरांचं लिहू का आण्णांचं लिहू म्हणते. मी नेटवर शोधलं तर नुसती नावं आणि सनावळ्या मिळाल्या, कुणी काय केलं आणि का केलं ते कुठं नीट सापडेना. ह्यातलं कुणी जाणकार असेल तर सांगा, पोरीला समजेल असं सांगितलं तर लय उपकार होतील.

निवृत्त_पीटी_सर

ताई, पोरीनं विषय फार चांगला निवडलाय, तिला माझी शाबासकी सांगा. मी तीस वर्षं शाळेत पीटी शिकवला, त्यामुळं मला जेवढं माहितेय ते सगळं लिहितो, तुम्ही त्यातलं लागेल ते घ्या.

ती बारवर जे करते त्यापुरतं बोलायचं तर क्लासचे सर बरोबर आहेत. पण सुरुवात बारपासनं झाली नाही, एका शाळेपासनं झाली. जर्मनीत श्नेप्फेनथाल नावाच्या छोट्या गावात १७८४ साली झाल्ट्समान नावाच्या माणसानं निवासी शाळा काढली, तिथं योहान गुट्समुथ्स नावाचा तरुण मास्तर आला आणि जवळजवळ सगळं आयुष्य त्यानं त्याच शाळेत काढलं. तो पोरांना रोज उघड्यावर घेऊन जायचा, पळणं, उडी, झाडावर दोरावर चढणं, आडव्या ओंडक्यावर तोल सांभाळत चालणं, पोहणं, फेकणं, आणि कोण किती लांब उडाला कोण किती उंच चढला हे वहीत मांडून ठेवायचा. १७९३ साली त्यानं तरुणांच्या व्यायामावर पुस्तक लिहिलं आणि ते युरोपभर गेलं. आज तुमची लेक बीमवर चालते ना, तो ओंडक्यावरचा तोल तिथनं पुढं आलाय.

दुसरा माणूस फ्रीडरिश लुडविग यान. स्पेलिंग बघून पोरं जान वाचतात, तिला आधीच सांगून ठेवा. १८०६ साली नेपोलियननं प्रशियाचा पार चुराडा केला होता, आपली पोरं कमजोर झालीत म्हणून देश हरला असं ह्या यानच्या मनानं घेतलं, आणि १८११ साली बर्लिनच्या बाहेर हासेनहाइडं नावाच्या माळावर त्यानं उघडं व्यायामाचं मैदान सुरू केलं. सिंगलबार आणि डबलबार ही साधनं त्याच्या मैदानातनं जगभर गेली, लाकडी घोडाही (जो आधी सरदारांच्या पोरांना घोड्यावर मांड टाकायला शिकवायला वापरायचे) त्यानं व्यायामाला लावला. १८१६ मध्ये त्यानंही पुस्तक काढलं. एक गोष्ट मला त्याची फार आवडते, मैदानावर सगळ्यांना सारखेच जाड्याभरड्या कापडाचे कपडे आणि सगळ्यांनी एकमेकाला अरे-तुरेच म्हणायचं, श्रीमंताचं पोर आणि सुताराचं पोर असा फरक नाही. आपल्या तालमीत लंगोट चढवला की कोण कुणाचा ते कळत नाही, तसंच हे.

डबलबारचं सांगायचं तर माझ्या पहिल्या शाळेत लाकडी डबलबार होता, वर्षानुवर्षं पोरांच्या हातानं मधला हातभर भाग एवढा गुळगुळीत झालेला की अंधारात हात फिरवला तरी मध्य कुठं ते कळायचं. नंतर तो अडगळीत गेला आणि दहावीचा पीटीचा तास गणिताला गेला. ते दुःख अजून आहे.

तिसरा माणूस मात्र विसरू नका, स्वीडनचा पेर हेन्रिक लिंग. हा मुळात तलवारबाजी शिकवायचा. १८१३ साली स्टॉकहोमला त्यानं व्यायाम शिक्षकच तयार करणारी संस्था काढली, सरकारी मान्यतेनं. यानला साधनं आवडायची, लिंगला साधनांशिवायची शरीराची हालचाल, प्रत्येक हालचाल कुठल्या अवयवासाठी आहे ते ठरवून, हुकमावर, रांगेत. त्यानं व्यायामाचे चार भाग केले, शिक्षणाचा, लष्कराचा, उपचाराचा आणि सौंदर्याचा. आज आपण ज्याला फिजिओथेरपी म्हणतो तिची एक मुळी त्या उपचाराच्या भागात आहे. आणि आपल्या शाळेतली ती सावधान विश्राम, हात वर, हात बाजूला, एक दोन तीन चार, ती ह्या स्वीडिश वळणाची. तेव्हा पीटीचा तास स्वीडनचा आणि बार जर्मनीचा असं मोटामोटी म्हणता येईल. डेन्मार्कच्या नाखतेगालनं तर १७९९ मध्येच कोपनहेगनला स्वतःची व्यायामशाळा उघडली होती आणि १८१४ पासनं तिथं शाळेत व्यायाम कायद्यानं आला.

लालमाती

सरांनी एवढं छान लिहिलंय, हॅट्स ऑफ. पण ताई, आण्णांनाही हरवू नका हो, कारण आण्णा बारबद्दल चुकले असतील पण त्यांचं म्हणणं सगळंच खोटं नाही. मी स्वतः गंगावेशीजवळ वाढलो, पहाटे चारला जोर-बैठकांचा आवाज ऐकत उठायचो, त्यामुळं हा विषय निघाला की मला राहवत नाही.

आधी मलखांब. १२ व्या शतकातल्या मानसोल्लास ग्रंथात पैलवानांनी खांबावर मेहनत करण्याचा उल्लेख आहे, म्हंजे खांब जुनाच. मधे ते मागं पडलं आणि दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ते पुन्हा उभं केलं. गोष्ट अशी सांगतात की निजामाकडनं अली आणि गुलाब नावाचे दोन पैलवान पुण्यात आले, दरबारात आव्हान दिलं, कुणी पुढं येईना, तेव्हा कोवळ्या वयाच्या बाळंभटदादांनी मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीला जाऊन मेहनत केली आणि येऊन कुस्ती मारली. आता वर्षं जुळवून बघा, बाजीरावाची पेशवाई १७९६ ते १८१८, आणि यानचं मैदान १८११. एकाच वेळी बर्लिनच्या माळावर एक माणूस आडव्या दांडीवर पोरं चढवतोय आणि इकडं पुण्यात एक माणूस एरंडेल लावलेल्या उभ्या खांबावर पायांची अढी शिकवतोय, आणि दोघांना एकमेकाचा पत्ता नाही. कुणी कुणाचं घेतलं नाही. मला तर हेच जास्त भारी वाटतं. पोरीनं हे एक वाक्य सांगितलं तरी अख्खा वर्ग ऐकेल.

पण एक वस्तू मात्र खरंच इथनं तिकडं गेली, आणि ती म्हंजे जोडी. आपल्या तालमीतली मुद्गलाची जोडी, म्हंजे दोन हातांत धरून फिरवायची जड लाकडं, इंग्रज अधिकाऱ्यांनी छावण्यांत बघितली, त्यांना आवडली, आणि ते ती बारीक हलकी करून घरी घेऊन गेले. १८३४ मध्ये लंडनमध्ये निघालेल्या व्यायामाच्या पुस्तकात ती चित्रांसकट आहे, नाव काय तर इंडियन क्लब. मग ती अमेरिकेत गेली, बायकापोरं घरात फिरवायला लागली, आणि १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकला आणि पुन्हा १९३२ च्या लॉस एंजेलिसला जिम्नॅस्टिक्समध्ये क्लब फिरवायची स्पर्धाच होती, मेडल होतं त्याला! आज ऱ्हिदमिक जिम्नॅस्टिक्सच्या मुली जे दोन क्लब हवेत फेकून झेलतात त्याची आजी आपल्या तालमीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी असते. आण्णांना हे नक्की सांगा, त्यांची छाती फुगेल. दोरीवर चढायची स्पर्धाही १८९६ च्या अथेन्सला होती, १४ मीटरचा दोर, वरपर्यंत फक्त दोघं पोचले. आमच्याकडची दोरीच्या मलखांबावरची पोरं बघितली की मला दरवेळी तो दोर आठवतो.

आता माझं खरं म्हणणं. सरांनी ज्यांची नावं सांगितली त्यातल्या गुट्समुथ्सनं लिहून ठेवलं, यानानं लिहून ठेवलं, लिंगनं शिकवणारे तयार केले. आपल्या वस्तादांकडं विद्या कमी होती का, अजिबात नाही, पण ती वस्तादाच्या तोंडात आणि हातात होती, वस्ताद गेला की दहा-वीस डाव त्याच्याबरोबर गेले. मलखांबाचे प्रकार बघा, अढी, तेढी, दसरंग, फरारे, वेल, सुईदोरा, ह्यातल्या एकेका प्रकारात किती बारकावे असतात, आणि ते सगळं तोंडी. हे ज्यांना कळलं ती माणसं आपली खरी पायोनियर, असं माझं ठाम मत आहे. बडोद्याचे राजरत्न प्रा. माणिकराव, त्यांनी जुम्मादादांच्या आखाड्यात ही विद्या मुरवली आणि सांघिक कवायतीचे हुकूम इंग्रजीऐवजी आपल्या भाषेत आणले. त्याच बडोद्यात आबासाहेब मुजुमदारांनी व्यायाम ज्ञानकोशाचे १० खंड मराठीत काढले, १९३६ ते १९४९, मधे महायुद्ध येऊन गेलं तरी थांबले नाहीत. मी एका जुन्या वाचनालयात त्यातला एक खंड हातात घेतलाय, पान उलटताना कडा तुटून बोटाला लागतात, पण आत माणूस कसा उभा आहे, हात कुठं आहे, पाय कुठं आहे, चित्रासकट सगळं. मी तिथं उभ्यानं तासभर वाचत बसलो होतो.

अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं, वैद्य बंधूंनी काढलेलं. त्यांचं पथक १९३६ ला बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जाऊन मलखांब, लेझीम, हुतूतू दाखवून आलं. म्हंजे ज्या शहरात यानानं मैदान काढलं त्याच शहरात आपला मलखांब उभा राहिला. ताई, हेही घाला.

करवीरकर

आणि आपले शाहू महाराज राहिले की! १९०२ ला युरोपला गेले होते, रोमचं ते गोल मैदान बघून आले आणि मग खासबाग हे कुस्तीचं मैदान बांधलं, १९१२ ला पुरं झालं. कुठंही बसा, हौदा, म्हणजे कुस्तीचा मातीचा आखाडा, दिसणारच. देशभरातले पैलवान कोल्हापुरात आणून त्यांना खुराक दिला, तालमींना आसरा दिला. खाशाबा जाधव राजाराम कॉलेजचेच, १९५२ ला हेलसिंकीला ब्राँझ. कोल्हापूरच्या पोरीचं भाषण आणि त्यात महाराज नाहीत असं कसं चालंल.

डबलबारवाली

मी सगळं वाचून काढलं आणि एकच गोष्ट खटकली, ह्यात एकही बाई नाही. बोलणारी मुलगी आहे ना? मग तिला हे सांगा.

मी १९८० च्या सुमारास शाळेत डबलबार करायची, आमच्या गल्लीत मी एकटीच. तालमीच्या दारात उभं राहून बघायची, उंबरा ओलांडायची परवानगी नव्हती, आत लाल मातीचा तो तेल-ताक-हळदीचा वास यायचा तो अजून नाकात आहे. नंतर शिक्षिका झाल्यावर मी शोधत बसले की बायकांसाठी हे कुणी केलं, तेव्हा मार्टिना बर्गमन-ओस्टरबर्ग सापडली. स्वीडनची, स्टॉकहोमच्या त्या लिंगच्याच संस्थेत शिकलेली. लंडनला येऊन मुलींच्या शाळांत व्यायाम सुरू केला, १८८५ ला मुलींना व्यायाम शिक्षिका बनवणारं कॉलेज काढलं, १८९५ ला ते डार्टफर्डला नेलं. तिच्या कॉलेजातल्या मुली घट्ट कॉर्सेट काढून टाकून सैल झग्यात व्यायाम करायच्या, त्या काळात ही केवढी हिंमत! शाळेचा जो पिनाफोर गणवेश आपल्या पोरींनी वर्षानुवर्षं घातला त्याचं मूळ त्या कॉलेजातल्या झग्यात आहे. आणि ऑलिंपिकमध्ये बायकांचं जिम्नॅस्टिक्स आलं कधी, तर १९२८ ला अ‍ॅमस्टरडॅमला. पुरुषांचं १८९६ पासनं होतं. बत्तीस वर्षं दारात उभ्या होत्या बायका.

आणि आपली दीपा कर्माकर, २०१६ रिओ, व्हॉल्टमध्ये चौथी. त्या रात्री मी माझ्या सगळ्या जुन्या विद्यार्थिनींना फोन केले होते.

बर्लिनकर_भावा

मूळचा शिवाजी पेठेतला, सध्या कामासाठी बर्लिनला. सर म्हणतात ते हासेनहाइडं आता मोठा पार्क आहे, मी रविवारी तिथं पळायला जातो. यानचा पुतळा आहे, १८७२ चा, आणि त्याच्या भोवती जगभरातल्या व्यायाम मंडळांनी पाठवलेले दगड बसवलेत, प्रत्येकावर गावाचं नाव कोरलेलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला आपल्या तालीम मंडळांचे बोर्डच आठवले, गल्लीगल्लीतले. आपल्याकडं तालमीचं नाव म्हणजे पेठेचं नाव, आणि फुटबॉलचा संघही तालमीच्याच नावानं, तसंच तिकडं ह्या मंडळांचं होतं.

पण एक बाजू पोरीला माहीत असू दे. यानचा देशाभिमान वाईट वळणावरही गेला, परक्यांचा आणि ज्यूंचा द्वेष त्याच्या लिखाणात आहे, आणि १८१७ ला वार्टबुर्गच्या मेळाव्यात त्याच्या चेल्यांनी पुस्तकं जाळली. पुढं एका विद्यार्थ्यानं कोत्सेबू नावाच्या लेखकाचा खून केला, सरकार घाबरलं, १८१९ ला यानला पकडलं आणि १८२० पासनं १८४२ पर्यंत प्रशियात हे मैदानी व्यायाम बंदच होते. गंमत बघा, बंदीमुळंच ते पसरलं, त्याचे तीन जण अमेरिकेला पळाले, बेक, फोलेन आणि लीबर, आणि तिथं १८२५ ते १८२७ च्या सुमाराला शाळा-कॉलेजांत व्यायामाची साधनं उभी केली. दहा मिनिटांत हे सगळं बसणार नाही, पण त्याला नुसता देवमाणूस करू नका एवढंच. माझे इथले जर्मन मित्रही त्या पुतळ्यापाशी दोन्ही गोष्टी सांगतात.

निवृत्त_पीटी_सर

भावा, बरोबर आहे तुझं, मी ते लिहायला पाहिजे होतं. आम्हाला ट्रेनिंगला हे कुणी सांगितलं नव्हतं.

डबलबारवाली बाईंना नमस्कार. आणि हे सगळं भारतात कसं आलं त्याचा दुवा राहिला तो देतो. १८६० ला ब्रिटिश लष्करानं बारा सार्जंट ऑक्सफर्डला आर्चिबाल्ड मॅक्लारेन ह्यांच्या व्यायामशाळेत पाठवले, तिथनं लष्करी व्यायाम तयार झाला, आणि लष्करातनं निवृत्त झालेले ड्रिल मास्तर आपल्या शाळांत आले. म्हणून जुन्या काळी पीटी म्हणजे दरडावणं. मग १९२० ला मद्रासला हॅरी बक ह्यांनी वायएमसीएचं कॉलेज काढलं, खेळ आणि शिक्षण जोडलं, १९२४ ला पॅरिस ऑलिंपिकला भारतीय संघाबरोबरही तेच गेले. आमच्या वेळचे बरेचसे सर ज्या सरांकडं शिकले ते मद्रासचे. आणि पुण्यात त्याच १९२४ ला कॅप्टन दामल्यांनी महाराष्ट्रीय मंडळ काढलं.

रंकाळाकाठची

मंडळी, कसे आभार मानू कळत नाही. काल रात्री जेवणं झाल्यावर सगळा धागा आण्णांना वाचून दाखवला, एकेक शब्द. बाळंभटदादांचं आलं तेव्हा मान हलवत होते. जोडी ऑलिंपिकला गेली ते वाचल्यावर एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "माळ्यावरची जोडी खाली काढा."

वीस वर्षं तिला कुणी हात लावला नव्हता. ह्यांनी शिडी लावून काढली, पोत्यात गुंडाळलेली, लाकूड काळंभोर झालेलं, मुठीपाशी जुन्या फडक्याची पट्टी तशीच. आण्णांना आता उचलवत नाही, एक जोडी म्हणजे केवढं वजन. मग त्यांनी स्वैपाकघरातनं दोन रिकाम्या पाण्याच्या बाटल्या मागितल्या आणि अंगणात उभे राहून दाखवायला लागले. पोरगी समोर वही घेऊन बसली. लालमाती, तुम्ही लिहिलेलं "वस्ताद गेला की डाव गेले" ते तिनं वाचलं होतं, ती म्हणाली, "आण्णा, मी लिहून घेतो, तुम्ही हळू सांगा."

भाषणाचं ठरलंय. सुरुवात श्नेप्फेनथालच्या मास्तरांच्या वहीनं, मग बर्लिन आणि पुणे एकाच काळात, यानचं चांगलं आणि वाईट दोन्ही, मग मार्टिनाबाई (हे पोरीनं स्वतः घुसडलं, तिला फार आवडल्या), मग बडोद्याचे खंड आणि शाहू महाराज. बार जर्मनीचा हे आण्णांनी मान्य केलं, पण जोडीचं आधी सांगायचं ह्या अटीवर. क्लासच्या सरांनाही धागा पाठवला, त्यांनी आण्णांना पुढच्या रविवारी बोलावलंय, पोरांना दोन हात दाखवा म्हणून.

वहीत आत्तापर्यंत चार हात, म्हणजे जोडी फिरवायचे चार प्रकार, झालेत. तिनं माणसाचं चित्र काढलं, बाजूला बाण दाखवला. आण्णांनी चष्मा लावून बघितलं आणि पेन्सिल मागून घेतली. म्हणाले, "कोपर इतकं लांब नाय जायाचं. कानाजवळनं जातंय ते, कानाला वारं लागलं पायजे." आणि तिचा हात धरून कानापाशी नेऊन दाखवला, तीनदा. तिनं चित्र खोडून पुन्हा काढलं आणि खाली लिहिलं, "कानाला वारं लागलं पाहिजे."